फुसफुस

हायवेच्या कडेला असतात तशा एका पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरची टाकी उभी होती. नुकताच हिरवा रंग दिलेला, वर बेल्टवर फिरणारा जुना पंप, समोर सुकत घातलेल्या दोन ट्यूबा. टाकीच्या डोक्यावर जिथे सेफ्टी व्हॉल्व्ह असायला हवा, तिथे एक बोल्ट ठोकून बसवलेला होता. बोल्टच्या मानेतून पांढऱ्या टेफ्लॉन टेपची शेपटी बाहेर आलेली. विचारलं तर दुकानातला पोरगा खुशीत म्हणाला, “तो आधीचा सारखा फुसफुसायचा. आता गप आहे.” त्यानं चाकात हवा भरली, पैसे घेतले, विषय संपला. पण तो “गप” शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. व्हॉल्व्ह फुसफुसत होता म्हणजे दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर त्याच्या सीटवर, म्हणजे तो ज्या जागी टेकून वाट बंद करतो तिथे, कचरा अडकला होता, किंवा टाकीतला दाब खरोखरच हद्दीबाहेर जात होता आणि तो बिचारा आपलं काम करत होता. पहिल्या कारणावर इलाज नवा व्हॉल्व्ह, दुसऱ्यावर इलाज प्रेशर स्विचची, म्हणजे ठरलेल्या दाबाला मोटर बंद करणाऱ्या बटणाची, दुरुस्ती. बोल्ट हा दोन्हींवरचा इलाज नव्हे. आणि टाकीला रंग इतका मनापासून दिला होता की तळाचा ड्रेन कॉकही, म्हणजे साचलेलं पाणी काढायची तोटी, रंगाखाली चिकटून गेला होता. म्हणजे तोही गप.

आपल्या घरात दाबाचं एक भांडं रोज पेटत्या गॅसवर असतं. कुकरची शिट्टी वाजते, ती न वाजल्यास झाकणातली सेफ्टी प्लग वितळते, आणि त्या प्लगच्या जागी खिळा ठोकावा असं कुठल्याही घरातल्या बाईच्या मनातही येत नाही. कुकरमध्ये दाब असतो जेमतेम एक किलो. दुकानातली मंडळी ज्याला “किलो” म्हणतात तो दर चौरस सेंटिमीटरचा दाब. गेजवरचे साधारण १४ पौंड म्हणजे एक किलो. कॉम्प्रेसरच्या टाकीत त्याच्या सहा-आठपट दाब असतो आणि भांडं कुकरच्या कितीतरी पट मोठं. तरी कुकरची भीती वाटते आणि टाकीची वाटत नाही, याचं कारण बहुधा एवढंच की कुकर आवाज करतो, वाफ सोडतो, डोळ्यांसमोर थरथरतो. हवेची टाकी नुसती उभी असते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे फ्रिजच्या कॉम्प्रेसरपासून घरच्या घरी हवेचा कॉम्प्रेसर करणाऱ्यांची वाढती जमात. या उद्योगाचं आकर्षण समजण्यासारखं आहे. फ्रिज मरतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा कॉम्प्रेसर मेलेला नसतो. गॅस गळालेला असतो, कॉइल सडलेली असते, थर्मोस्टॅट गेलेला असतो. भंगारवाला तो काळा, भोपळ्यासारखा डबा वजनावर नेतो. आत तेलात बुडालेली मोटर आणि एकच लहानसा पिस्टन, सगळं कायमचं सील केलेलं. आवाज असा की रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्यावर पायाला फरशीतून कंप जाणवतो तेव्हाच तो चालू असल्याचं कळावं. दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या खडखडाटाशेजारी ही शांतता म्हणजे चैन वाटते. फ्लॅटमध्ये राहून एअरब्रशनं चित्रं, मॉडेलं किंवा लहान मूर्ती रंगवणाऱ्याला तर तीच हवी असते.

पण हा पंप नेमका किती देतो, याचा हिशेब आधी करावा. मध्यम आकाराच्या जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा पिस्टन एका फेऱ्यात पाच ते आठ घन सेंटिमीटर हवा ओढतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर मोटर मिनिटाला सुमारे २९०० फेरे घेते. सहा घन सेंटिमीटर धरले तर मिनिटाला १७ लिटर होतात, पण हे कागदावरचे. दाब चढत जातो तसा पिस्टनच्या डोक्यावर उरलेल्या फटीतली दाबलेली हवा परत फुगते आणि नवी हवा आत यायला जागा कमी उरते. सहा किलोपर्यंतची सरासरी दहा-बारा लिटर धरली तरी खूप. एअरब्रशला दीड-दोन किलोवर मिनिटाला दहा ते पंधरा लिटर लागतात, म्हणजे मधे टाकी असली आणि हात मधूनमधून थांबला तर गणित जुळतं. मोटरसायकलच्या चाकाला हरकत नाही. पण पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मोठ्या मूर्तींवर जी स्प्रे गन फिरते, किंवा गॅरेजमध्ये दरवाजे रंगवायला जी वापरतात, तिला याच्या दहापट आणि कधी वीसपट हवा लागते. तिथे दोन फ्रिजचे कॉम्प्रेसर जोडून चालत नाही, तीनही नाही. त्यासाठी तयार यंत्र घ्यावं आणि हा नाद सोडावा.

कॉम्प्रेसर निवडताना त्यावरचा स्टिकर वाचावा. त्यावर गॅसचं नाव असतं: आर-१२, आर-१३४ए किंवा आर-६००ए. पहिला जुन्या फ्रिजांत असायचा आणि तो ओझोनच्या थराला खातो. दुसरा ओझोनला काही करत नाही पण हवा तापवतो. तिसरा म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ, जळणारा. तिन्ही वेळा उत्तर एकच. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून गॅस काढून घ्यावा आणि मग नळी कापावी, तीही पाइप कटरनं. हॅक्सॉनं कापली की धातूचा कीस आत जातो आणि पहिल्याच तासात व्हॉल्व्हच्या पातळ पात्यांखाली बसतो. गॅस शिल्लक असताना ज्योत लावणं हा तर शुद्ध वेडेपणा. ६००ए पेटतो, आणि आर-१२ ज्योतीत जळला की फॉस्जीनसारखे विषारी वायू तयार होतात. स्टिकरवर “इन्व्हर्टर” लिहिलं असेल तर तो डबा बाजूला ठेवावा. त्याची मोटर स्वतःच्या कंट्रोल बोर्डशिवाय फिरत नाही.

डब्यातून तीन नळ्या बाहेर येतात. एक फुंकते. दोन ओढतात, कारण त्या दोन्ही थेट डब्याच्या पोकळीत उघडतात. दोन सेकंद चालवून अंगठा लावला की कोणती कुठली ते कळतं, आणि त्यावर लगेच मार्करनं खूण करावी. ओढणाऱ्या नळीतून डबा तिरका करून तेल काढावं, मोजावं (सहसा पाव लिटरच्या आसपास भरतं) आणि तेवढंच नवं भरावं. १३४ए च्या यंत्रांत एस्टर तेल असतं. ते हवेतली ओल पिऊन घेतं आणि कालांतरानं आम्लधर्मी होतं, म्हणून उघड्या हवेच्या कामाला ते ठेवू नये. डिटर्जंट नसलेलं, पातळ ग्रेडचं खनिज कॉम्प्रेसर तेल घालावं. जाड तेल घातलं की थंडीच्या सकाळी मोटर नुसती गुणगुणते. एका ओढणाऱ्या नळीवर मोटरसायकलचा लहान पेट्रोल फिल्टर कोरा घेऊन लावावा. दुसरी तेल भरण्यापुरती ठेवून बूच मारावं. पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे पडून राहणार असेल तर फिल्टरच्या तोंडालाही टोपी हवी, कारण मोटरची वायंडिंग आता त्याच हवेत श्वास घेत असते.

तेलाबद्दल आणखी एक. फ्रिजमध्ये गॅसबरोबर थोडं तेल वाहत जातं आणि पूर्ण फेरी मारून परत येतं. इथे ते जातं आणि येत नाही. म्हणून पातळी अधूनमधून पाहावी लागते, म्हणून पंपानंतर तेल आणि पाणी वेगळं करणारा सेपरेटर लागतो, आणि म्हणूनच ही हवा श्वासासाठी कधीही वापरायची नाही. ना मास्कमधून, ना विहिरीत उतरणाऱ्याला नळीनं. माशांच्या टाकीतही नको.

इथवरचं सगळं सोपं आहे.

टाकीपाशी आलं की बहुतेकांचा उत्साह भलत्याच दिशेला जातो. सगळ्यात आवडती कल्पना म्हणजे पीव्हीसी पाइप: सहा इंची तुकडा, दोन एंड कॅप, सोल्व्हंट सिमेंट, झाली टाकी. पाइपवर “६ किलो” असा शिक्काही असतो. तो शिक्का २७ अंश तापमानाच्या पाण्यासाठी आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली तो पाइप जितका तापतो, त्या तापमानाला त्याची ताकद बरीच उतरलेली असते. त्यात पीव्हीसी लोखंडासारखं वाकून, फाटून इशारा देत नाही. तडकतं, आणि धारदार कपच्या होऊन उडतं. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेनं जमिनीवरच्या कॉम्प्रेस्ड हवेच्या लाइनसाठी पीव्हीसी वापरू नका असं १९८८ मध्येच बजावलं, तरी आजही असे व्हिडिओ पाहणाऱ्यांची संख्या पाहून पोटात गोळा येतो. दुसरी कल्पना घरगुती गॅसचा लाल सिलिंडर. तो मजबूत असतो यात वाद नाही, त्याची चाचणीच २५ किलोला होते. पण तो तुमचा नसतो, तेल कंपनीचा असतो. त्याला हात लावणं बेकायदा आहे. सिलिंडरांचे नियम पाहणाऱ्या पेसो या खात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. शिवाय व्हॉल्व्ह काढल्यावरही आतल्या भिंतींवर गॅस रेंगाळतो आणि त्यावर ग्राइंडर लावणाऱ्यांचं काय होतं ते वर्तमानपत्रांतून अधूनमधून कळतंच. तिसरी, एसीवाल्यांकडे मिळणारे गॅसचे हलके, एकदाच वापरायचे डबे. पातळ पत्रा, तळाला पाणी काढायची सोय नाही, आतून गंज कुठवर आला ते दिसत नाही. हेही नको.

मग काय घ्यावं? सगळ्यात उत्तम म्हणजे जुन्या तयार कॉम्प्रेसरची टाकी, जिच्यावर दाबाची पाटी शाबूत आहे. पंप जळलेले असे कॉम्प्रेसर भंगारात मिळतात. दुसरा चांगला पर्याय ट्रक-बसच्या एअर ब्रेकची टाकी. ती मुळातच आठ किलोच्या आसपासच्या हवेसाठी बनलेली असते, वीस-तीस लिटरची मिळते, तळाला ड्रेनचं भोक असतं. फक्त एक खोच लक्षात ठेवावी. तिचे आटे बहुतेक वेळा मेट्रिक असतात, एम-२२ बाय दीड, म्हणजे व्यास २२ मिलिमीटर आणि दर दीड मिलिमीटरला एक आटा. आपल्या नळाच्या दुकानातला अर्धा इंची बीएसपी (नळाच्या आट्यांचं ब्रिटिश माप) निप्पल बाहेरून जवळपास २१ मिलिमीटर असतो, त्यामुळे तो भोकात दीड-दोन आटे फिरतो आणि मग अडतो. “बसला” असं वाटतं. वरून टेफ्लॉनची दहा वेढ्यांची पगडी घातली की गळतही नाही. अशा दोन आट्यांवर सहा किलोचा दाब धरून ठेवलेला निप्पल म्हणजे नेम न धरलेली बंदूक आहे. योग्य अडॅप्टर मिळतात, ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतच मिळतात, आणि ते हातानं चार-पाच आटे सहज फिरले तरच बरोबर समजावे. टाकीवर पाय, हँडल, पंपासाठी पट्टी यांतलं काहीही वेल्ड करू नये. वेल्डच्या कडेला पत्रा ठिसूळ होतो आणि दाब रोज चढ-उतार करत तिथेच चीर शोधतो. अँगलची फ्रेम करून टाकी पट्ट्यांनी बांधावी, खाली रबर घालावं.

टाकी का फुटते याचं गणित ऐकायला उलटं वाटतं. २५० मिलिमीटर व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी टाकी सहा किलोला जो ताण सोसते तो साध्या पोलादाच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. म्हणजे नवी टाकी फुटण्याचं कारणच नाही. पण गंज पत्रा सगळीकडे सारखा खात नाही. तळाला जिथे पाणी साचतं तिथे तो खड्डे पाडतो, जोडाच्या कडेनं जातो, आणि बाहेरून नवा रंग असतो. लांबीच्या दिशेच्या जोडावर ताण गोल जोडाच्या दुप्पट असतो, म्हणून जुन्या टाक्या उभ्या फाटतात. आणि फाटताना जे बाहेर येतं त्याचा अंदाज असावा: वीस लिटरच्या टाकीत सहा किलोला सुमारे १५,००० जूल ऊर्जा कोंडलेली असते. साठ किलोचा माणूस आठ मजले उचलायला एवढीच लागते.

तीच टाकी पाण्यानं गच्च भरून बारा किलोपर्यंत दाबली, तर पाण्यात साठलेली ऊर्जा दहा जूलही भरत नाही. पाणी दबत नाही, म्हणून साठवत नाही. टाकीची चाचणी पाण्यानं करायची ती यामुळे, आणि हवेनं करायची नाही तीही यामुळे. इमारतींचे पाइप तपासायला प्लंबर जो हातपंप वापरतात तो भाड्यानं मिळतो. टाकीचं एक भोक वर येईल अशी ती तिरकी करावी, काठोकाठ पाणी भरावं, हलवून आतले बुडबुडे काढावेत, मग भोक बंद करावं. सेफ्टी व्हॉल्व्ह आठ किलोचा असेल तर त्याची दीडपट, बारा किलो. अर्धा तास तसंच ठेवून गेजचा काटा पाहावा, सगळे जोड कोरड्या फडक्यानं पुसून बोटानं चाचपावेत. टाकीचा घेर चाचणीआधी आणि नंतर टेपनं मोजावा. वाढला असेल तर टाकी ताणली गेली, संपली. सूक्ष्म ओल दिसली तरी संपली. तिथे एम-सील लावायचा नाही. त्याच हातपंपावर सेफ्टी व्हॉल्व्हही तपासून घ्यावा. आठाला त्यानं पाणी सोडायला सुरुवात केली पाहिजे.

जोडणीचा क्रम असा. पंपाच्या फुंकणाऱ्या नळीपासून पाव इंची तांब्याची एक-दीड मीटर नळी, वेटोळी करून, हवा लागेल अशी. इथे रबर किंवा प्लास्टिक नको. तीस अंशांची हवा एका दमात सहा किलोला दाबली तर कागदावरचा हिशेब अडीचशे अंशांपर्यंत जातो. प्रत्यक्षात बरीच उष्णता डब्यात मुरते, तरी बाहेर येणारी नळी हात लावू देत नाही. म्हणून जोडही कथलाच्या डागाचे नकोत, ब्रेझिंगचे किंवा फ्लेअर नटचे (नळीचं तोंड पसरवून नटानं आवळलेले) हवेत. पाव इंची फ्लेअरचा आटा आणि पाव इंची बीएसपीचा आटा वेगळे असतात, मधे युनियन लागतं. वेटोळ्यानंतर सेपरेटर, मग हवा मागे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मग टाकी. टाकीवर थेट सेफ्टी व्हॉल्व्ह, त्याच्या आणि टाकीच्या मधे कुठलाही कॉक नाही. शेजारी १२ किंवा १६ किलोपर्यंतचा गेज, म्हणजे काटा कामाच्या वेळी मधल्या भागात राहतो. प्रेशर स्विच. बाहेर जायच्या वाटेवर बॉल व्हॉल्व्ह, फिल्टरवाला रेग्युलेटर, मग होज. टाकीच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ड्रेन.

या क्रमात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच यांचं एक गुपित आहे. लाइट गेली आणि लगेच आली की घरातले मोठे ओरडायचे, “फ्रिज लगेच लावू नका, पाच मिनिटं थांबा.” कारण असं की फ्रिजची मोटर सुरू होताना अशक्त असते, दोन्ही बाजूंचा दाब समान झाल्याशिवाय ती उठत नाही. फ्रिजमध्ये तो केशनळीतून आपोआप समान होतो. इथे पंपासमोर सहा किलोची टाकी उभी असते. म्हणून कॉम्प्रेसरचा म्हणूनच मिळणारा, बाजूला बारीक अनलोडर नळी असलेला प्रेशर स्विच घ्यावा, आणि ती नळी पंप व नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या मधल्या तुकड्याला जोडावी. स्विच बंद होताना “फिस्स” असा छोटा आवाज येतो. पंपाच्या डोक्यावरचा दाब मोकळा झाला. हा आवाज एक-दोन सेकंदांत थांबला पाहिजे. थांबत नसेल तर टाकीतली हवा मागे येते आहे, म्हणजे नॉन-रिटर्नच्या सीटवर घाण आहे. आवाजच आला नाही तर पुढच्या वेळी मोटर उठणार नाही. स्विच चारला चालू आणि सहाला बंद असा लावावा. फरक कमी ठेवला तर मोटर घडीघडी उठते, आणि तिच्या शेजारचा, तिला सुरू करून देणारा पीटीसी रिले थंड व्हायला काही मिनिटं घेतो. तेवढ्यात पुन्हा वीज मिळाली की ती गुणगुणते आणि ओव्हरलोड “टक” करून तोडतो.

हा ओव्हरलोड म्हणजे डब्याच्या अंगाला चिकटलेली गोल टिकली. फ्रिजमध्ये परत येणारा थंड गॅस मोटरला गार ठेवतो. इथे ती सोय नाही, मोटर बाहेरचीच गरम हवा ओढते. वीस लिटरची टाकी शून्यापासून सहापर्यंत भरायला दहा-बारा मिनिटं लागतात. त्यानंतर डब्याला हात लावून पाहावा, आणि तेवढाच वेळ विसावा द्यावा. समोर एक छोटा पंखा लावला तर खूप फरक पडतो. टिकली वारंवार तोडते म्हणून तिला वायरनं बायपास करणारे आहेत. बोल्ट ठोकणाऱ्या पोराचे हे शिकलेले भाऊ. हा पंप स्वतःहून थांबत नाही हे त्यांच्या ध्यानात येत नाही. आर-१३४ए च्या फ्रिजमध्ये उन्हाळ्यात त्याला दहा-पंधरा किलोवर गॅस ढकलायची सवय असते. स्विच चिकटला आणि सेफ्टी बंद असेल, तर गेजचा काटा सहा, आठ, दहा असा शांतपणे चढत राहील. खडखडाट नसल्यामुळे शेजारच्या खोलीत कुणाला कळणारही नाही. ज्या शांततेसाठी हा सगळा खटाटोप, तीच इथे नडते.

विजेचं थोडक्यात. तीन पिनी, अर्थिंग डब्याच्या अंगाला आणि फ्रेमला, मागे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. डब्याच्या तीन टर्मिनलांपैकी कुठली कॉमन ते मल्टिमीटरनं काढावं: ज्या दोघांमधला रोध सगळ्यात जास्त, ते रन (मोटर चालवणारी तार) आणि स्टार्ट (सुरू करणारी), उरलेली कॉमन, तिच्यापासून ज्याचा रोध कमी ते रन. टर्मिनलवरचं झाकण परत बसवावं. रंगकाम करताना कॉम्प्रेसर खोलीबाहेर आणि होज लांब, पाच-सात मीटर. थिनरची वाफ ओढून गरम डब्यात भरायची नसते.

आता पाणी. मुंबई-कोकणच्या जुलैतल्या हवेत, तीस अंश आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर एका घनमीटरमागे पंचवीसेक ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. सहा किलोला दाबून हवा गार झाली की त्यातलं चारेक ग्रॅमच वाफ राहू शकतं. बाकीचे वीस टाकीच्या तळाला. आपला पंप एक घनमीटर हवा चालू असताना दीड-एक तासात ओढतो. दिवसभर काम केलं तर चहाचा अर्धा कप भरेल इतकं तपकिरी, तेलकट पाणी निघतं, आणि पहिल्यांदा ते पाहणारा चकित होतो. ड्रेन रोज उघडायचा, काम संपल्यावर, टाकीत अर्धा-एक किलो दाब असताना, म्हणजे पाणी जोरानं बाहेर पडतं. मग तो तसाच उघडा ठेवून झोपायचं. टाकी रिकामी, कोरडी. रात्रभर दाब धरून ठेवण्यात कसली मर्दुमकी? ड्रेनला पितळी बॉल व्हॉल्व्ह लावावा आणि हात सहज पोचेल अशा जागी नळीनं वळवून आणावा, कारण ज्या कॉकसाठी गुडघ्यावर बसावं लागतं तो कुणी उघडत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पहिल्यांदा हवा भरताना टाकी भिंतीच्या पलीकडे, वर ओली पोती, प्लग तुमच्या बाजूला. दोन किलोला थांबून साबणाच्या पाण्यानं सगळे जोड पाहावेत. गळका जोड दाब असताना आवळायचा नाही, हवा सोडून मग. नंतर चार, नंतर सहा. सहाला स्विचनं तोडलं का, “फिस्स” झालं का. मग सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढावी, कानावर हात ठेवून. ही कडी महिन्यातून एकदा ओढली नाही तर सीट चिकटते. ओढल्यावर व्हॉल्व्ह परत नीट बसला नाही आणि फुसफुसत राहिला, तर दोन-तीनदा पुन्हा ओढून कचरा उडवून पाहावा. तरी थांबला नाही तर नवा घ्यावा, तो फार महाग नसतो. हवेची नळी कुणाच्या अंगावर धरायची नाही, कपड्यावरची धूळ झटकायलाही नाही. कारखान्यांत मस्करीत अशी हवा शरीरात गेल्यानं माणसं मेली आहेत.

आणि स्वस्तात पडेल म्हणून हे करायचं असेल तर करूच नये. टाकी, अडॅप्टर, स्विच, नॉन-रिटर्न, सेफ्टी, रेग्युलेटर, गेज, तांबं हे सगळं पुण्याच्या बोहरी आळीतून किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून पिशवी भरून आणलं की फुकटचा कॉम्प्रेसर किती महाग आहे ते कळतं. पैसे संपतात तेव्हा यादीतून कापली जाणारी पहिली वस्तू नेमकी सेफ्टी व्हॉल्व्ह असते, कारण तिच्यावाचून यंत्र चालतं. म्हणून खरेदी उलटी करावी. आधी सेफ्टी, मग टाकी, शेवटी तो काळा डबा, जो तसाही कुणीतरी फुकट देईल.

टाकीवर पांढऱ्या रंगानं चाचणीची तारीख आणि दाब लिहावा, दर दोन वर्षांनी पाण्याची चाचणी पुन्हा करावी. कारखान्यात असती तर कायद्यानं कुणीतरी तपासायला आलं असतं. घरी कुणी येत नाही. ज्या दिवशी ती नापास होईल त्या दिवशी भंगारवाल्याला देण्याआधी तिच्यातली हवा पूर्ण सोडावी, सगळी बुचं काढावीत आणि ड्रिलनं मधोमध एक ठळक भोक पाडावं. नाहीतर तो ती हिरवी रंगवून विकेल.